पेलिकनच्या जेवणाच्या वेळेला

अगं, तुझा मेसेज वाचला. दोन आठवडे लंडन, ऑफिसच्या खर्चाने, तेही जुलैत. नशीब काढलंस! पण शेवटी घाईघाईने जे लिहिलंयस ना, की तिकडे माझा पक्षीवाला मित्र आहे, त्याला भेटेन म्हणते, आईला अजून बोलले नाहीये, खरा मेसेज तेवढाच आहे. विमानाचं आणि बॅगेचं तू उगाच वर रचलंस.

तर आधी हे सांगते. भेट. जरूर भेट. कवडीपाटच्या तुझ्या त्या धूसर फोटोतला धोबी पक्षी करडा की पिवळा, यावरून ज्याने तुझ्याशी आठवडाभर वाद घातला आणि हरल्यावर सरळ हरलो म्हणाला, तो माणूस भेटण्यासारखा असणार. ऑनलाइन ओळख म्हणजे धोकाच, असं मी म्हणणार नाही. शेजारच्या बिल्डिंगमधल्या माणसाबद्दल तरी आपल्याला काय ठाऊक असतं?

पण त्याचा तो बेत मला पटला नाही. शनिवारी सकाळी हॉटेलवर गाडी घेऊन येणार, तुला सफोकच्या किनाऱ्यावर मिन्समियरला नेणार, रात्री परत सोडणार. जागा सुंदर आहे, वाद नाही. इंग्लंडमधून नाहीसा झालेला अव्होसेट, म्हणजे आपला उचाट्या, 1947 मध्ये तिथे पुन्हा घरटी करायला लागला. पक्षीवाल्याला पाहुणीला तिथे न्यावंसं वाटणारच, त्यात मला काही काळंबेरं दिसत नाही. पण जायचे अडीच-तीन तास, यायचे अडीच-तीन तास, बंद गाडीत, ज्याचा चेहरा तू आजवर पाहिला नाहीस त्याच्या शेजारी. (प्रोफाइलवर रॉबिनचा फोटो आहे म्हणालीस. बाई, रॉबिन सगळ्यांचाच छान दिसतो.) शिवाय तो कितीही सज्जन निघाला आणि नुसता कंटाळवाणा असला, तर सफोकमध्ये कुठे जाशील?

पहिली भेट लहान ठेव, माझं म्हणणं एवढंच. इतकी वर्षं लिहिणं-बोलणं झाल्यामुळे तुला ओळख जुनी वाटते, आणि ती आहेही. पण ती लिहिलेल्या ओळींची ओळख आहे. वेटरशी तो कसा बोलतो, तू बोलताना ऐकतो की आपली पाळी यायची वाट बघतो, जवळ किती येऊन उभा राहतो, यातलं काहीच तुला ठाऊक नाही. हे कळायला तास-दीड तास पुरतो. म्हणून तासा-दीड तासाचंच काहीतरी ठरव, आणि ते आपोआप संपणारं असू दे.

जागा मी सांगते. सेंट जेम्स पार्क. तिथल्या तळ्यात पेलिकन आहेत. पहिले पेलिकन रशियाच्या राजदूताने 1664 मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाला भेट दिले होते, तेव्हापासून ते तिथलेच झाले. रोज दुपारी अडीच ते तीनच्या दरम्यान त्यांना मासे घालतात आणि बघायला हीऽ गर्दी होते. तुम्हा दोघांसाठी याहून बरं काय असणार? भरदिवसा, माणसांच्या गराड्यात, तिकीट नाही, आणि बघायला समोर काहीतरी. अर्ध्या तासात मासे संपतात. जमलं तर तळ्याभोवती एक फेरी मारा, झाडांवर आपलेच कंठवाले पोपट केकाटताना दिसतील. लंडनच्या बागांमध्ये ते आता कावळ्यांसारखे झालेत, आणि इंग्रज पक्षीवाले त्यांच्यावर वैतागलेले असतात. यावर तुमचं भांडण जुंपलं तर गप्पांची चिंताच मिटली. नाहीच जमलं, तर छान वाटलं भेटून म्हणून तू निघायला मोकळी.

समोर बघायला काहीतरी असू दे, हे मी उगाच म्हणत नाही. मी तिकडे राहत होते तेव्हा गोधडीच्या नादातून ओळख झालेली एक बाई व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये भेटली होती. लिहिताना पानंच्या पानं भरायची, आणि समोर आल्यावर तोंडातून शब्द फुटेना. मीच आपली हवेवर, ट्रेनवर, चहावर बोलत सुटले. शेवटी पिशवीतून माझ्या आजीच्या गोधडीचा एक तुकडा काढून टेबलावर ठेवला. तिने चष्मा चढवला, टाका उलटून बघितला आणि मग जी बोलायला लागली ती म्युझियम बंद व्हायची वेळ झाली तरी थांबेना. तेव्हा तुझी दुर्बीण गळ्यात असू दे. लिहिणारी माणसं बरेचदा बोलणारी नसतात. पहिली दहा मिनिटं अवघडली तर ती तशीच जाऊ दे, भरून काढायला धावू नकोस.

दिवस निवडताना पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी नको. झोपेचं खोबरं झालेलं असतं आणि अशा वेळी माणूस कशालाही हो म्हणतो. शेवटचा दिवसही नको, नाहीतर परत भेटावंसं वाटलं तरी हातात वेळ उरत नाही. मधला एखादा वार धर. भेटीनंतर चार वाजता ऑफिसच्या मैत्रिणीला भेटायचंय, हे त्याला आधीच कळवून ठेव. आणि खरोखरच भेट तिला, म्हणजे खोटं बोलल्याची टोचणी राहणार नाही.

जाण्याआधी एकदा व्हिडिओ कॉल कर. पाच मिनिटांचा पुरे. कॅमेरा बिघडलाय, नेट चालत नाही, असं एकदा झालं तर ठीक. दर वेळी झालं तर मात्र पेलिकन एकटीने बघायचे. पैशाचा विषय, अगदी साधी उसनवारीसुद्धा, किंवा येताना अमक्याचं पार्सल घेऊन येशील का, असं काही निघालं तर भेट रद्द. कारण विचारत बसायचं नाही.

आणि एक गंमत सांगू? तोही तुला घाबरत असणार. भारतातून येणाऱ्या फसव्या फोनांच्या बातम्या तिकडेही छापून येतात. त्याच्या बहिणीनेही त्याला बजावलं असेल, की बाबा रे, जपून, कोण कुठली बाई! उद्या तो बायकोला किंवा मित्राला बरोबर घेऊन आला तर नाक मुरडू नकोस, उलट मला तो शहाणा वाटेल. तुलाही कुणाला न्यायचं असेल तर आधी सांगून ने. झाडामागे मैत्रीण उभी करायचे सिनेमे नकोत.

हॉटेलचं नाव त्याला सांगायची गरज नाही. जाणं-येणं स्वतःचं स्वतः. सेंट जेम्स पार्क नावाचंच ट्यूब स्टेशन बागेच्या जवळ आहे, कार्ड टेकवून आत, टेकवून बाहेर. उशीर झालाच तर काळी टॅक्सी रस्त्यावर हात दाखवून थांबवता येते, पण मिनीकॅब आधी बुक केलेलीच घ्यायची. स्टेशनबाहेर टॅक्सी, टॅक्सी म्हणत जवळ येणाऱ्याच्या गाडीत बसायचं नाही. जुलैत तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो आणि माणूस त्याला फसतो. संध्याकाळच आहे असं वाटत असतं आणि घड्याळात साडेनऊ झालेले असतात.

फोन फुटपाथच्या कडेला उभं राहून हातात धरू नकोस. सायकलवरून येऊन फोन हिसकावणारे तिथे फार झालेत. तुझा सगळा बेत त्या फोनमध्येच, म्हणून माझा नंबर, हॉटेलचा पत्ता आणि त्या मैत्रिणीचा नंबर कागदावर लिहून पर्समध्ये ठेव. अडचणीत पोलिसांना 999, आणि 112 सुद्धा चालतो. निघताना व्हॉट्सअॅपवर मला लाइव्ह लोकेशन पाठव. ते पंधरा मिनिटं, एक तास नाहीतर आठ तास असंच चालू ठेवता येतं, तू आठ तास कर. तुझे अडीच म्हणजे माझे संध्याकाळचे सात. मी स्वयंपाकघरात असेन, फोन ओट्यावर. सारखे मेसेज करणार नाही, वचन. पण तुझे पाच वाजून गेले आणि काहीच कळलं नाही तर फोन करीन, आणि तो तू त्याच्यासमोर उचलायचास.

पबचं सांगायचं राहिलं. तिकडे पबमध्ये नेणं म्हणजे आपल्याकडे चहाला नेण्याइतकं साधं असतं, त्यात वावगं काही नाही. संत्र्याचा रस मागितलास तरी कुणी भुवया उंचावणार नाही. पण तिथे पाळी असते. पहिल्यांदा त्याने सगळ्यांचं आणलं, तर दुसऱ्यांदा तू आणायचंस. आपल्यासारखी बिलावरून झटापट करायची नाही, कॅफेत आपापलं द्यायचं, त्यात त्यालाही बरं वाटतं. आपला ग्लास टेबलावर ठेवून उठायचं नाही, हे पुण्यात लागू तेच तिथे. आणि काही खटकलं, सरळ उठता येईना, तर काउंटरवर जाऊन अँजेला आहे का, असं विचारायचं. 2016 मध्ये लिंकनशर परगण्यात ही पद्धत निघाली, आता पुष्कळ पबमधल्या लोकांना ती ठाऊक असते. तुला मदत हवीय हे ते समजतात आणि गाजावाजा न करता तुला बाहेर काढतात. लागणार नाही, पण माहीत असू दे.

आता भेटवस्तू. मोरपीस नेणार म्हणालीस ते रद्द कर. मोरपिसांच्या निर्यातीला आपल्याकडे बंदी आहे, आणि पक्षीवाल्याला असली भेट म्हणजे हसंच व्हायचं. पेढे, बर्फीही बाद, भारतातून दुधाचे पदार्थ सामानातून ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. गूळ-शेंगदाण्याची चिक्की ने, बाकरवडी ने. आणि खरंच काही द्यायचं असेल तर सालिम अलींचं 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स'. 1941 मध्ये पहिल्यांदा निघालं, अजून छापतात. चितमपल्लींचा पक्षिकोश त्याला वाचता आला असता तर मी तोच सुचवला असता. पण फार महागाचं काही नको. महाग वस्तू दिली की घेणाऱ्याला परतफेडीचा घोर लागतो.

पेलिकनची भेट छान झाली, तर दुसऱ्या भेटीला तू त्याला काहीतरी दाखव. हो, त्याच्याच गावात! प्रिमरोझ हिलजवळ 10, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब 1921-22 मध्ये तिथे राहिले होते, आणि 2015 मध्ये ते घर महाराष्ट्र सरकारने घेतलं. भिंतीवर निळी पाटी आहे. आयुष्य लंडनमध्ये काढलेल्या माणसाने ती बहुधा बघितलेली नसते. तिथून चालत रीजंट्स पार्कला जा, तळ्यावर बगळ्यांची वसाहत आहे, पुढचं तो दाखवेल. सगळी भेट एकट्या पाहुणचार करणाऱ्याच्या हातात राहिली की पाहुण्याला नाही म्हणणं जड जातं, म्हणून एक दिवस तुझा असू दे. मिन्समियर त्यानंतर. तेही त्याची बायको बरोबर असेल तर, नाहीतर ट्रेनने.

आणि निराशा झाली तर? होऊ शकते गं. तो वाईट नसेल, नुसता वेगळा असेल. लिहिताना विनोदी आणि समोर कुरकुऱ्या. किंवा तुझा आवाज त्याला कर्कश वाटेल, हेही आहेच! अशा वेळी लोक एकदम बोलणं तोडतात, ते मला आवडत नाही. त्या रात्री दोन ओळी लिही, वेळ काढल्याबद्दल आभार मान, फोटो त्याला विचारल्याशिवाय कुठे टाकू नकोस, आणि आठवडाभराने पुन्हा एखाद्या धूसर पक्ष्याचा फोटो पाठव. लिहिण्यापुरती मैत्री हीसुद्धा मैत्रीच असते, आणि तुमची इतकी वर्षं तशीच छान चाललीये. तो आलाच नाही, तर अर्धा तास थांब आणि चहा प्यायला जा. त्याच्या न येण्याला तुझ्यातलं काही कारणीभूत असेलच असं नाही, पण जरा वेळ वाईट वाटेल, ते वाटू दे.

राहता राहिली आई. मला सांगितलंस म्हणजे घरात सांगितलंस, असं होत नाही. लपवलेल्या भेटीत काही बिनसलं तर पोरी आधी घरचे काय म्हणतील याचा विचार करतात आणि फोन करायला उशीर करतात. मला धास्ती असलीच तर त्या उशिराची आहे. आई आधी ओरडेल, मग त्याचं वय विचारेल, मग लग्न झालंय का ते विचारेल. व्हिडिओ कॉल झालेला असला म्हणजे निदान पहिल्या प्रश्नाचं उत्तर देता येईल. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर सांग, बाबा समोर असताना. पेलिकनपासून सुरुवात कर, बाबांना राजा-राजदूताची गोष्ट आवडेल आणि ते तुझ्या बाजूला येतील. मी सव्वातीनला फोन करते, तोवर बोलून झालेलं असू दे.