डॉ. प्रफुल्ल कुमार सेन यांचे हृदयसंशोधन आणि त्यातून घ्यावयाचा बोध

हृदयरोपण म्हटले की डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांचे नाव आठवते. ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे त्यांनी पहिले मानवी हृदयरोपण केले. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्ल कुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयरोपण केले, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना ज्ञात आहे. मानवी हृदयाचे रोपण करणारे ते जगातील चौथे शल्यविशारद होत. हे कार्य गोरगरिबांवर उपचार करणाऱ्या महापालिकेच्या रुग्णालयात घडले, हे विशेष.

या शस्त्रक्रियेमागे अनेक वर्षांची साधना होती. डॉ. सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत कुत्र्यांवर हृदयरोपणाचे प्रयोग केले होते. सापाच्या हृदयातील स्नायूंना आतील पोकळीतूनच थेट रक्त मिळते, या निरीक्षणावरून त्यांनी हृदयाच्या स्नायूंना सूक्ष्म छिद्रे पाडून रक्तपुरवठा वाढविण्याची कल्पना मांडली आणि १९६५ साली ती प्रसिद्ध केली. पुढे लेझर किरणांच्या साहाय्याने अशी छिद्रे पाडण्याची पद्धत जगात आली, तिचे मूळ या विचारात आढळते. भारत सरकारने १९६९ साली त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले.

तथापि त्यांचा पहिला रुग्ण शस्त्रक्रियेनंतर काही तासच जगला. त्याच वर्षी केलेल्या दुसऱ्या रोपणातील रुग्णही एक दिवस पुरा करू शकला नाही. पहिल्या रुग्णाच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा दाब दीर्घ आजारामुळे फार वाढलेला होता आणि निरोगी माणसाच्या नव्या हृदयाला तो भार पेलवला नाही. म्हणूनच आज रोपणापूर्वी हा दाब काटेकोरपणे मोजला जातो. शरीराने परके हृदय नाकारू नये यासाठी लागणारे सायक्लोस्पोरिन हे प्रभावी औषध १९८० च्या दशकात वापरात आले. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा १९९४ साली झाला आणि त्याच वर्षी ३ ऑगस्ट रोजी दिल्लीच्या एम्स संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयरोपण केले.

या इतिहासाचा बीड जिल्ह्याशी काय संबंध, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. काढलेले हृदय साधारणतः चार तासांच्या आत दुसऱ्या देहात धडधडू लागावे लागते. आपल्या भागातील रुग्णासाठी ही सोय दूरच्या शहरातच आहे. परंतु 'फार उशीर झाला' हे पहिल्या रोपणाच्या अपयशाचे कारण आपल्या ओळखीचे आहे.

लहान मुलांच्या घशाच्या विशिष्ट जंतुसंसर्गाकडे दुर्लक्ष झाले, तर काहींना सांधे धरणारा ताप येतो आणि तो हृदयाच्या झडपांना इजा करतो. झडप अरुंद झाली की फुप्फुसांतील दाब याच प्रकारे वाढत जातो. एकदा हा ताप येऊन गेलेल्या मुलाला दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन कित्येक वर्षे द्यावे लागते. ऊसतोडणीसाठी दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर निघालेले कुटुंब मार्च-एप्रिलमध्ये परतते. त्या पाच-सहा महिन्यांत सात-आठ इंजेक्शने चुकतात, ताप पुन्हा येतो आणि झडप अधिक बिघडते.

म्हणून पालकांना नम्र विनंती आहे की, मुलाचे सांधे एकामागून एक सुजत असतील, खेळताना धाप लागत असेल, तर विनाविलंब तपासणी करून घ्यावी. गाव सोडताना उपचाराचे कार्ड सोबत न्यावे व कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवावे. दात्यांनी आणि विश्वस्तांनी यंत्रसामग्रीइतकाच विचार या पाठपुराव्याचाही करावा. फडावर गेलेल्या मुलाचे एक इंजेक्शन चुकू नये यासाठी केलेला खर्च अहवालात ठळक दिसत नाही. परंतु त्याने एका मुलाचे हृदय वाचू शकते.

डॉ. सेन यांचे १९८२ साली निधन झाले. आपल्या देशात यशस्वी झालेले हृदयरोपण त्यांना पाहावयास मिळाले नाही, तरी त्यांच्या रुग्णांनी शिकविलेला धडा पुढील प्रत्येक रोपणात उपयोगी पडला आहे. हृदयरोगात वेळेवर झालेला साधा उपचार हा उशिरा झालेल्या मोठ्या शस्त्रक्रियेहून श्रेष्ठ ठरतो, एवढे आपण त्यातून घेतले तरी पुष्कळ आहे.