लोहाऱ्याचा दगड

मूल, जि. चंद्रपूर

चि. बाळ,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ज्यांनी तुला पहिली नोकरी दिली, शेजारी बसवून काम शिकवलं, ते सर गेले. फोटोला हार चढला, आणि आता कंपनीतल्या प्रत्येक बैठकीत एकच प्रश्न निघतो: ‘सर असते तर त्यांनी काय केलं असतं?’ त्यापुढे कुणाचं काही चालत नाही, असं तू लिहिलंस. तुझं दुःख मला कळतं. पण त्या प्रश्नाची मला काळजी वाटते, म्हणून लिहितो आहे.

माझ्या टेबलावरचा तांबूस-काळा दगड आठवतो? लहानपणी तू तो दोन्ही हातांनी उचलायचास. तो लोहाऱ्याच्या टेकडीचा. शाळेत भूगोल शिकवत असताना मुलांना घेऊन गेलो होतो, तेव्हा आणलेला.

1882 साली जमशेटजी टाटांच्या वाचनात फॉन श्वार्त्झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल आला. आपल्या चांदा (म्हणजे चंद्रपूर) जिल्ह्यात लोहाऱ्याला उत्तम लोहखनिज आहे, असं त्यात होतं. नागपुरात त्यांची एम्प्रेस मिल 1877 पासून चालू होती, वरोऱ्याला कोळशाची खाण होती. सगळं हाताशी असल्यासारखं. पण वरोऱ्याचा कोळसा लोखंड गाळायच्या कामाचा निघाला नाही, आणि खनिज शोधायच्या सरकारी अटी जाचक होत्या. कागद बाजूला ठेवले गेले, पोलादाच्या कारखान्याचा विचार मात्र राहिला. 1899 साली व्हाइसरॉय कर्झनच्या काळात नियम सैल झाले तेव्हा जमशेटजींनी साठी गाठली होती. त्या वयात, 1902 साली, ते अमेरिकेत जाऊन पेरिन या अभियंत्याला भेटले. पेरिननं वेल्ड नावाचा भूगर्भतज्ज्ञ पाठवला.

मग थोरले चिरंजीव दोराबजी, त्यांचे आतेभाऊ शापूरजी सकलातवाला (हेच पुढे ब्रिटिश संसदेत कम्युनिस्ट खासदार झाले) आणि वेल्ड आपल्या या जंगलात उतरले. बैलगाडीचा प्रवास, वाघांचा मुलूख, प्यायच्या पाण्याची मारामार. खनिज सापडलं, पण विखुरलेलं. मोठ्या कारखान्याला पुरेल एवढं नव्हतं.

इथं जरा थांबून विचार कर. वडील थकलेले, आणि वीस वर्षं त्यांच्या मनात चांदा. ‘बाबांची इच्छा’ म्हणून दोराबजींना इथंच अडून बसता आलं असतं. ते बसले नाहीत. चांद्यातला शोध थांबवतो, हे सांगायला ते नागपूरला गेले. अधिकारी जागेवर नव्हते, म्हणून समोरच्या संग्रहालयात शिरले, आणि तिथल्या भूगर्भाच्या नकाशात दुर्ग जिल्हा गडद रंगवलेला त्यांना दिसला. तिथली दल्ली-राजहरा खरोखर लोखंडाचीच निघाली. पण जवळपास कामाजोगता कोळसा नाही, पुरेसं पाणी नाही, तीही सोडली. पुढे भूगर्भतज्ज्ञ प्रमथनाथ बोस यांच्या पत्रावरून मयूरभंजचं खनिज मिळालं, आणि सुवर्णरेखा-खरकाईच्या संगमाजवळचं साकची गाव कारखान्यासाठी ठरलं. जमशेटजी 19 मे 1904 रोजी जर्मनीत वारले होते. कारखान्याची जागासुद्धा त्यांना पाहायला मिळाली नाही. कंपनी 26 ऑगस्ट 1907 ला झाली, पहिलं पोलाद 1912 साली निघालं. (बरोबर 75 वर्षांनी, 26 ऑगस्टलाच, आपला गडचिरोली जिल्हा झाला. हा नुसता योगायोग, पण मला तो फार आवडतो.)

वडिलांची जागा मुलानं सोडली. मग राखलं काय? 1902 साली जमशेटजींनी त्याला परदेशातून पत्र लिहिलं होतं: गाव वसवशील तर रस्ते रुंद ठेव, सावलीची झाडं लाव, खेळायला मैदानं ठेव, देवळं, मशिदी, चर्च यांना जागा दे. जागा कुठली हे कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी हे ठरलेलं होतं. ते राखलं. कामगारांना आठ तासांचा दिवस 1912 सालीच मिळाला. लंडनच्या बाजारात भांडवल मिळेना, तेव्हा आपल्याच लोकांकडे हात पसरला. तीन आठवड्यांत सुमारे 8,000 भारतीयांनी ते उभं केलं. आणि 1924 साली कंपनी बुडायची वेळ आली तेव्हा दोराबजींनी स्वतःची मालमत्ता, पत्नी मेहेरबाईंच्या दागिन्यांसकट, तारण ठेवली.

आणखी एक. साकची ओसाड नव्हती, तिथंही आदिवासींची वस्ती होती. आज लोहखनिजासाठी गडचिरोलीतल्या सुरजागडचा डोंगर खणला जातो. त्यावर माडिया आदिवासींचा ठाकूरदेव आहे. लाल धूळ उडवत जाणारे ट्रक पाहिले की मला साकचीची आठवण येते. मोठा माणूस नुसती संपत्ती ठेवून जात नाही, देणंही ठेवून जातो. तुझ्या सरांच्या हातून कुणाचं काही राहून गेलं असेल, तर ते आधी शोध. हार घालणारे ते शोधणार नाहीत.

पुढच्या बैठकीत तो प्रश्न निघाला की भीड धरू नकोस. सरांना पोलाद हवं होतं की लोहारा, एवढं विचार. तू वयानं लहान आहेस, काहींना राग येईल. येऊ दे.

दिवाळीला ये. हलकं धान निघालेलं असेल, टेकडीकडे सकाळीच निघू. तुझी मामी तुझ्यासाठी अनरशाचं पीठ करून ठेवते आहे.

तुझा,
मामा