प्रशिक्षणाहून परतलेल्या भाचीस

चि. मनू हिस,


परवा फोनवर तू बराच वेळ बोललीस, आणि मी मुद्दामच मध्ये बोलले नाही. पाच दिवस वर्ग सोडून तालुक्याला जायचं, पडद्यावरची वाक्यं वहीत उतरवायची, गटकार्य म्हणून तक्ते रंगवायचे, पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणीच्या लिंक भरायच्या. पहिली आणि दुसरी एका खोलीत एकाच वेळी कशी शिकवायची, हा तुझा एकमेव प्रश्न. त्याला ‘ते शेवटच्या दिवशी घेऊ’ असं उत्तर मिळालं आणि शेवटचा दिवस फोटो नि प्रमाणपत्रांत गेला. तुझा राग रास्त आहे. पण फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, ‘आमचे सर म्हणतात तेच खरं. योजना येतात नि जातात. सही करायची आणि आपलं चालू ठेवायचं.’ नोकरीला लागून तुला पुरतं वर्षही झालेलं नाही. तुझ्या तोंडी हे वाक्य मला सहन झालं नाही, म्हणून लिहायला बसले.

सरांचा अनुभव खोटा नाही, हे आधी मान्य करते. त्यांनी आणि मी काय काय पाहिलं ते तुला माहीत असावं. १९८७ ची खडू-फळा मोहीम, १९९४ चा जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम, २००० साली पहिलीपासून इंग्रजी, लगेच सर्व शिक्षा अभियान, २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, २०१५ चा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र, २०१९ ला बेचाळीस लाख शिक्षकांसाठीचं ‘निष्ठा’ प्रशिक्षण, २०२१ ला निपुण भारत. प्रत्येकाबरोबर प्रशिक्षण आलं, घडीपत्रिका आल्या, नोंदींचे नवे तक्ते आले. अगदी अलीकडचं घे. २०२३ साली पाठ्यपुस्तकांत वह्यांची कोरी पानं शिवून दिली आणि २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला. पुढच्या आदेशाकडे शिक्षक सावधपणे पाहतो तो आळशी असतो म्हणून नव्हे. मागचा आदेश का आला आणि का गेला, हे त्याला कोणी समजावून सांगितलेलं नसतं.

तरीही या सगळ्याला एकाच मापाने मोजू नकोस. खडू-फळ्याने कित्येक एकशिक्षकी शाळांना दुसरा शिक्षक आणि दुसरी खोली दिली. ज्या बाईंनी चार इयत्ता एकटीने सांभाळल्या होत्या त्यांना विचार, ती योजना ‘आली नि गेली’ का. मूल्यमापनाच्या नव्या पद्धतीमागचा विचारही चांगला होता. वर्षाच्या शेवटी मुलाला नापास करून घरी बसवण्यापेक्षा ते वर्षभर कुठे अडतं ते पाहावं, एवढाच तो होता. पण आपल्या हाती पोचल्या त्या वर्णनात्मक नोंदी. मग बाजारात तयार नोंदींची पुस्तकं आली आणि सगळ्या तालुक्यातली मुलं एकाच वाक्यात ‘आवडीने सहभागी’ होऊ लागली. मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचतं असं मानणाऱ्या रचनावादाचंही तेच. २०१५ नंतर राज्यभरातून शिक्षक सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळा पाहायला गेले. तिथल्या शिक्षकांनी मुलांसोबत बसून, चुकत, दुरुस्त करत काम उभं केलं होतं. पाहून परतलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या शाळांत मात्र आधी रंगल्या त्या फरश्या. आणि खाली वाकून मुलाचं बोलणं ऐकणं राहून गेलं, तेव्हा ‘रचनावाद फसला’ असं बोललं गेलं.

आता २०१९ चा जून आठव. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ असं संख्यावाचन आलं. जुनी नावं काढून टाकलेली नव्हती. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर कारण सांगत होत्या, तरी महिनाभर राज्यात टिंगल चालली आणि शिक्षकांच्या खोल्यांतही हशा पिकला. मला ते फार लागलं. कारण ज्याने दुसरीचा वर्ग घेतलाय त्याला ठाऊक असतं की ‘पंचवीस’ ऐकून मूल आधी पाच लिहितं आणि मग ५२ होतात. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात दोन नि नऊ. ही अडचण खरी आहे. नव्या वाचनाने ती सुटते का, यावर शंका जरूर घ्यावी. पण ती घ्यायची तर वर्गात वीस संख्या सांगून लिहून घ्यायच्या, किती मुलं उलटं लिहितात ते पाहायचं, महिनाभर दोन्ही प्रकारे वाचून घ्यायचं आणि पुन्हा पाहायचं. हशा पिकवणाऱ्यांपैकी असं किती जणांनी केलं?

माझं सगळं म्हणणं याच प्रश्नात आहे, मनू. शंका घेणं हा शिक्षकाचा हक्क आहे, पण ती वर्गात नेऊन तपासण्याचे कष्टही त्यालाच घ्यावे लागतात. सरांची शंका शाळेच्या पायरीवरच थांबली आहे. तपासायचंच नसेल, तर वाईट योजनेसोबत चांगलीही दारातून परत जाते, आणि तुझ्या दुसरीतल्या ज्या मुलांना अजून जोडाक्षर वाचता येत नाही त्यांना त्या सहीतून काहीच मिळत नाही.

प्रशिक्षणाबद्दलची तुझी शंका तर संशोधनानेही खरी ठरवलेली आहे. ‘प्रथम’ संस्थेची, मुलांना इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवून शिकवण्याची पद्धत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिहार आणि हरियाणात तपासली. बिहारच्या शाळांत शिक्षकांना नुसतं प्रशिक्षण नि साहित्य दिलं, तेव्हा मुलांच्या वाचनात काही फरक पडला नाही. हरियाणात त्याच धर्तीचं काम सरकारी शिक्षकांनीच केलं आणि मुलं भाषेत पुढे गेली. तिथे रोजचा एक तास फक्त त्यासाठी राखून ठेवला होता, आणि देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी आधी स्वतः काही दिवस मुलांना त्या पद्धतीने शिकवलं होतं. हे वाचल्यापासून मला वाटतं की प्रशिक्षण देणाऱ्या साधनव्यक्तींकडे एकच मागणी करावी: पीपीटी राहू द्या, आमच्या शाळेत या आणि आमच्या मुलांसमोर एक पाठ घेऊन दाखवा. राज्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, तालुक्यातून केंद्राला उतरता उतरता मूळ गोष्ट पातळ होते. मुलांसमोरचा पाठ मात्र तुला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल.

काही गोष्टी सरळ नाकारायलाही शीक. दृक्, श्राव्य आणि कृतिशील अशी मुलांची तीन गटांत वाटणी करून प्रत्येकाला त्याच्या शैलीने शिकवा, हे तुला पदविकेत शिकवलं आणि परवाच्या प्रशिक्षणातही सांगितलं. २००८ साली मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरचे अभ्यास तपासले, तेव्हा अशा वाटणीने मुलं जास्त शिकतात याला पुरेसा आधार सापडला नाही. तेव्हा ते तक्ते भरण्यात रात्री घालवू नकोस. चित्र, बोलणं आणि हाताने करणं, तिन्ही सगळ्या मुलांना दे.

नव्या विचाराशी कसं वागावं हे ज्यांच्याकडून शिकावं त्या ताराबाई मोडक. त्या भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत मॉंटेसोरी पद्धतीत मुरल्या. १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघांसोबत त्यांनी वारली मुलांत काम सुरू केलं, तेव्हा त्या पद्धतीची महागडी साधनं तिथे चालणार नाहीत हे त्यांनी पाहिलं. त्यांनी पद्धत टाकून दिली नाही आणि जशीच्या तशी लादलीही नाही. शिंपले, खडे, बिया, पानं ही साधनं झाली. मुलं शाळेत येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली, गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कुरणात गेली. आज देशभर रूढ असलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला आहे. असं काम कोणत्याही परिपत्रकाने सांगितलं नव्हतं.

आता तुझ्यापुरतं. एक वही कर, जी कोणत्याही अधिकाऱ्याला दाखवायची नाही. त्यात प्रत्येक मुलाचं पान ठेव आणि दर पंधरा दिवसांनी ते काय वाचू शकलं, कुठे अडलं, ते खरं खरं लिही. पोर्टलवर पातळी भरताना वरून आकड्यांचा दबाव येईल. सुरुवातीला कमी आणि शेवटी जास्त दाखवण्याचा सल्ला तुला मिळेलच. त्या वहीत तसं करू नकोस. परवाच्या प्रशिक्षणातली एकच गोष्ट निवड, मला वाटतं मोठ्याने वाचून दाखवण्याची, आणि दिवाळीपर्यंत रोज वीस मिनिटं ती कर. फरक पडला नाही तर सोडून दे, आणि का सोडलंस ते वहीत लिहून ठेव. सरांना एखाद्या दिवशी तुझा तास पाहायला बोलव. ते येतील. इतकी वर्षं त्यांना कोणी शिकवण्याबद्दल काही विचारलं नसेल, नुसती माहिती मागितली असेल.

आणि तुझा तो पहिली-दुसरीचा प्रश्न सोडू नकोस. पुढच्या शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुखांपुढे तो लेखी ठेव, सोबत तुझ्या केंद्रातल्या द्विशिक्षकी शाळांची यादी जोड, आणि पाठ घेऊन दाखवण्याची तारीख मागून घे.

तुझी,
आत्या