दोन पोरं सोडून गेली म्हणे

चंदगड,
आषाढ वद्य पंचमी

चि. सोनीस,


तीन दिवस पावसाला उसंत नाही. ताम्रपर्णी दुथडी भरली आहे, वीज परवा गेली ती आलेली नाही, घरात मोबाइलला रेंज नाही. म्हणून हे कागदावर. रेंज असती तरी फोनवर बोललो नसतो. फोनवर तू "बघते काका" म्हणतेस आणि विषय तिथंच राहतो.

रोप लावणीला तुझा मावसभाऊ आला होता. जेवताना बोलून गेला, की सोनीला टीमचं प्रमुख केल्यापासून तिनं नवीन टूल आणायचं ठरवलंय, कोणी किती तिकिटं, म्हणजे नेमून दिलेली कामं, बंद केली याचा तक्ता ऑफिसातल्या टीव्हीवर लागतो, आणि दोन पोरं सोडून गेली. काकूनं पुढं विचारलं तर त्यानं मान खाली घालून भात कालवला. माझा घास तिथंच अडला.

पोरं जास्त पगारावर गेली असतील. तुमच्या हिंजवडीत तसं रोज होतं. पण तो तक्ता खरा आहे ना?

अगं, तुझ्या आजीनं बारा वर्षं कारखान्यात काजू फोडले. तिची काळी पडलेली बोटं तू लहानपणी साबणानं घासायचीस, तेलाचा डाग निघायचा नाही. मजुरी किलोवर होती. किलो वाढवायला हात घाईनं चालला की अख्खा गर कमी आणि पाकळी, तुकडा जास्त. काट्यावर वजन भरायचं, बाजारात तुकड्याला भाव नसायचा. तिकिटं मोजलीस तर पोरं तुला तिकिटंच देणार: एका कामाची चार करून, सोपं आधी उचलून, अवघड तसंच ठेवून. त्यात त्यांची लबाडी नाही. तू जे मोजशील तेच ती पिकवणार.

टूल म्हणून जिरा घ्यावं की ट्रेलो, याबद्दल मी काय बोलणार. पण गेल्या दिवाळीत तुझ्याकडे राहिलो तेव्हा कार्डांच्या त्या फळ्याला तू कानबान म्हणालीस, म्हणून मी वाचून काढलं. ताइइची ओनो यांनी टोयोटाच्या कारखान्यात ती रीत बसवली, तेव्हा कार्ड म्हणजे पुढच्या कामगारानं मागच्याला दिलेला निरोप होता, की मला एवढा माल हवा. तिथं दोष दिसला तर साधा कामगारही दोरी ओढून काम थांबवू शकत होता. तुझ्या फळ्यावर ती दोरी कुठं आहे? "मला हे जमत नाहीये" असं लिहायला कोणत्या रकान्यात जागा आहे? टूल दाखवायला कंपन्यांची माणसं येतील तेव्हा हे आधी विचार. आणि निवडायच्या आधी जी पोरं ते रोज भरणार, त्यांच्या हातात पंधरा दिवस दे.

दुसरं, आपला माल परत काढता येतो का ते बघ. लिनक्सवाली मंडळी कोड सांभाळायला बिटकीपर वापरत होती; 2005 मध्ये ते फुकट वापरायची सोय बंद झाली, म्हणून लिनस टोरवाल्ड्सना गिट लिहावं लागलं. आपल्याला तसं लिहिता येणार नाही. तेव्हा सगळी नोंद साध्या फाइलमध्ये उतरवून घेता येते की नाही, ते करार करण्याआधी स्वतः करून बघ.

पण मला घोर लागलाय तो त्या दोन पोरांचा. तुला कधी सांगितलं नाही ते सांगतो.

1986 च्या उन्हाळ्यात मी एका लहान तलावाच्या कामावर होतो. तुमच्या टूलमधल्या आडव्या पट्ट्या असतात ना, तोच बार चार्ट. हेन्री गँट यांच्या वेळेपासून चालत आलेला. माझा चार्ट सगळ्यांत सुबक म्हणून साहेब इतरांना दाखवायचे. मे महिन्यात मुकादम म्हणाला, "रावसाहेब, पायात झरा लागलाय, माती धरत नाही." चार्टमध्ये झऱ्याला रकाना नव्हता. दोन दिवसांवर साहेबांची भेट होती. मी पट्टी हिरवी रंगवली. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला आणि तेवढा भराव खचला. कोणाचा जीव गेला नाही, देवाची कृपा. मुकादम दुसऱ्या दिवशी खोरं-पाटी घेऊन निघून गेला, माझ्याशी एक शब्द न बोलता. चूक माझी होती. पुढं वीस वर्षं त्याच्या गावावरून एसटीनं गेलो, एकदाही उतरलो नाही. आता तो नाही.

म्हणून दोन पोरं सोडून गेली हे ऐकलं आणि झोप उडाली.

रागावलो असेन तर सोड. एवढ्या लहान वयात पंधरा माणसांचं काम अंगावर घेतलंस, घाबरून काहीतरी हातात धरावंसं वाटणारच. मीही चार्ट धरून बसलो होतो. तू स्वतः सांगितलेली गिटलॅब कंपनीची गोष्ट आठव. 31 जानेवारी 2017 च्या रात्री त्यांच्या माणसाच्या हातून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला, बॅकअपच्या पाच रीतींपैकी एकही नीट चालत नव्हती, सहा तास आधी घेतलेल्या एका प्रतीनं वाचवलं. त्यांनी सगळं जगासमोर लिहिलं, आणि अहवालात त्या माणसाचं नावही घातलं नाही. हे सांगताना तुझे डोळे भरून आले होते. मला ती सोनी ठाऊक आहे. बेळगावच्या कॉम्प्युटर क्लासला पहाटेच्या एसटीनं भिजत जायची आणि शेजारच्या पोरीला आपली वही द्यायची, ती.

टीव्हीवरचा तक्ता उतरव. टूल कोणतंही राहू दे.

मावसभावाबरोबर अडीच किलो काजूगर पाठवतोय, आपल्याच बागेतले, काकूनं निवडून अख्खे भरलेत. त्यातले त्या दोघांना दे. ती परत यावीत म्हणून नाही. नुसतं भेट, चहा पाज, काय खटकलं ते विचार आणि मधे बोलू नकोस. मग मला फोन कर. रात्री नऊनंतर मी टेकावरच्या देवळापाशी जाऊन उभा राहतो, तिथं रेंज येते.

तुझा,
काका