अर्धवेळ कामगाराच्या रजेचे गणित : त्रैराशिकाचा एक पाठ

त्रैराशिक शिकविताना आंब्यांची किंमत, मजुरांची मजुरी आणि कापडाची लांबी ही उदाहरणे वर्षानुवर्षे घेतली जातात. त्यांत गैर काही नाही. परंतु ह्या उदाहरणांत कोणत्या राशीची कोणत्या राशीशी तुलना करावयाची, हे पुस्तकाने आधीच ठरवून दिलेले असते. विद्यार्थ्याकडे उरतो तो केवळ गुणाकार आणि भागाकार. व्यवहारात मात्र योग्य राशी निवडणे हेच मुख्य काम असते. ती निवड चुकली, तर आकडेमोड बिनचूक असूनही उत्तर अन्यायाचे ठरते. ही गोष्ट सहावी-सातवीच्या विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविण्यास अर्धवेळ कामगाराच्या भरपगारी रजेचा हिशेब हे उत्तम साधन आहे. ब्रिटनमध्ये ह्या रजेचे प्रमाण कायद्याने आकड्यांत बांधून दिलेले आहे. शिवाय ह्याच हिशेबावरून एका शिक्षिकेचा वाद तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. म्हणून प्रस्तुत पाठासाठी तेथील उदाहरण घेतले आहे.

मूळ नियम

ब्रिटनमधील कामाच्या वेळेसंबंधीचे नियम १९९८ साली अमलात आले. त्या नियमांनुसार मिळणारी भरपगारी रजा टप्प्याटप्प्याने वाढत गेली व १ एप्रिल २००९ पासून ती वर्षाला ५.६ आठवडे झाली. येथे शिक्षकांनी थांबून विद्यार्थ्यांना विचारावे, ‘कायद्याने रजा दिवसांत न सांगता आठवड्यांत का सांगितली असेल?’ उत्तर सोपे आहे, पण ते मुलांकडूनच यावे. प्रत्येकाचा कामाचा आठवडा सारखा नसतो. कोणी पाच दिवस काम करतो, कोणी तीन, कोणी दोन. ‘आठवडा’ ही राशी घेतली म्हणजे ज्याचा त्याचा आठवडा मोजला जातो आणि प्रमाण आपोआप साधते.

पाच दिवसांच्या आठवड्यास ५ × ५.६ = २८ दिवस.
तीन दिवसांच्या आठवड्यास ३ × ५.६ = १६.८ दिवस.
दोन दिवसांच्या आठवड्यास २ × ५.६ = ११.२ दिवस.

सहा दिवस काम करणाऱ्यास ह्या रीतीने ३३.६ दिवस यावयास हवेत. परंतु कायद्याने २८ दिवसांची कमाल मर्यादा घातली आहे, म्हणून त्याचा कायदेशीर हक्क २८ दिवसांचाच राहतो. प्रत्येक प्रमाण अमर्याद चालत नाही, हेही विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावे. तसेच १६.८ चे १६ करता येत नाहीत. मालकाला वाटल्यास तो १७ दिवस देऊ शकतो, कमी मात्र देऊ शकत नाही.

सोमवारची सुट्टी

इंग्लंड व वेल्समध्ये सामान्यतः वर्षाला ८ सार्वजनिक सुट्ट्या असतात. त्यांना ‘बँक हॉलिडे’ म्हणतात. मालक ह्या सुट्ट्या ५.६ आठवड्यांतच धरू शकतो. पूर्णवेळ कामगाराच्या २८ दिवसांची फोड तेव्हा २० दिवस आणि ८ सुट्ट्या अशी होते. आता अर्धवेळ कामगाराच्या बाबतीत पुढील हिशेब वरवर पाहता रास्त वाटतो : तीन दिवस काम करणाऱ्यास २० चे तीनपंचमांश म्हणजे १२ दिवस द्यावेत, आणि त्याच्या कामाच्या दिवशी येतील तेवढ्या सार्वजनिक सुट्ट्या त्याला मिळाव्यात.

ह्यात चूक कोठे आहे, हे २०२५ ची दिनदर्शिका पाहिली असता उघड होते. त्या वर्षी ह्या ८ सुट्ट्यांपैकी ४ सोमवारी, २ शुक्रवारी, १ बुधवारी व १ गुरुवारी होती. सोमवार, मंगळवार व बुधवार ह्या दिवशी काम करणाऱ्यास ५ सुट्ट्या मिळाल्या असत्या व त्याची एकूण रजा १७ दिवस झाली असती. मंगळवार, बुधवार व गुरुवार काम करणाऱ्यास केवळ २ सुट्ट्या मिळून त्याची रजा १४ दिवसच भरली असती. दोघांचे काम तीनच दिवसांचे. तरी एकास तीन दिवस कमी. कायद्याने ठरविलेल्या १६.८ दिवसांपेक्षा दुसऱ्याची रजा २.८ दिवसांनी अपुरी पडते.

येथे २० दिवसांस प्रमाण लावले, पण ८ सुट्ट्यांस लावले नाही. त्या वारांच्या योगायोगावर सोडल्या. योग्य रीत अशी की, २८ ह्या संपूर्ण राशीस प्रमाण लावावे. १६.८ दिवस हा एकच साठा धरावा, आणि कामाच्या दिवशी आलेली सुट्टी त्यातून वजा करावी. मग वार कोणताही असो, दोघांची रजा सारखीच राहते. अर्धवेळ कामगाराला पूर्णवेळ कामगाराच्या तुलनेने कमी प्रतीची वागणूक देऊ नये, यासाठी ब्रिटनमध्ये २००० साली स्वतंत्र नियमही करण्यात आले आहेत.

दिवस की तास?

समजा, एक बाई आठवड्यात तीन दिवस काम करतात. दोन दिवस ८ तास आणि एक दिवस ४ तास. दिवसांनी मोजल्यास त्यांची रजा १६.८ दिवस. त्यांनी सर्व रजा मोठ्या दिवशी घेतली तर १३४.४ तास सुटतात. सर्व रजा लहान दिवशी घेतली तर ६७.२ तासच सुटतात. म्हणजे सारखीच रजा एकदा दुप्पट व एकदा निमपट ठरते. कारण ‘दिवस’ ही राशीच येथे एकसारखी नाही. अशा वेळी तास ही राशी घ्यावी. आठवड्याचे २० तास. २० × ५.६ = ११२ तास. मोठा दिवस सुटला तर ८ तास वजा, लहान सुटला तर ४ तास वजा. ज्या मापाचे तुकडे परस्परांशी समान, त्याच मापाने मोजावे, हा नियम फळ्यावर ठळक लिहावा.

मध्येच नोकरी सोडल्यास

वर्ष पुरे होण्यापूर्वी नोकरी सुटल्यास उरलेल्या रजेचा मोबदला द्यावा लागतो. त्यासाठी सूत्र आहे : (अ × ब) − क. येथे अ म्हणजे वर्षाची रजा, ब म्हणजे वर्षाचा संपलेला अंश आणि क म्हणजे घेतलेली रजा. तीन दिवस काम करणाऱ्याने अर्ध्या वर्षानंतर नोकरी सोडली व तोवर ५ दिवस रजा घेतली असेल, तर (१६.८ × १/२) − ५ = ३.४ दिवस. अक्षरगणिताची तोंडओळख करून देण्यास हे सूत्र उपयोगी पडेल.

१२.०७ टक्के कोठून आले?

ज्यांचे तास दर आठवड्यास बदलतात, त्यांचा ‘आठवडा’ कोणता धरावयाचा? ही अडचण टाळण्यासाठी कामाच्या तासांवर शेकडा १२.०७ ह्या दराने रजा काढण्याची रीत पडली. विद्यार्थी बहुधा ५.६ ला ५२ ने भागतील व १०.७७ हे उत्तर काढतील. त्यांना लगेच चूक सांगू नये. विचार करू द्यावा. वर्षाच्या ५२ आठवड्यांपैकी ५.६ आठवडे तर रजेचेच आहेत. प्रत्यक्ष काम ४६.४ आठवडेच होते. रजा मिळते ती केलेल्या कामावर. म्हणून ५.६ ÷ ४६.४ = ०.१२०७, म्हणजे शेकडा १२.०७. छेद कोणता घ्यावा, एवढ्या एका प्रश्नावर दर १०० तासांमागे १.३ तासांचा फरक पडतो.

एका शिक्षिकेचा वाद

हीच टक्केवारी पुढे न्यायालयात गेली. हार्पर ट्रस्ट ह्या संस्थेच्या शाळेत ब्रेझेल नावाच्या एक बाई वाद्यसंगीत शिकवीत. त्यांची नेमणूक बारमाही होती, परंतु काम सत्र चालू असतानाच मिळे आणि तासही कमीजास्त होत. संस्था त्यांना सत्रातील मिळकतीच्या १२.०७ टक्के रजावेतन देऊ लागली. बाईंचे म्हणणे असे की, कायद्याने त्यांना ५.६ आठवड्यांचे सरासरी वेतन मिळाले पाहिजे.

दोन्ही हिशेब सोप्या आकड्यांनी पाहावेत. समजा, वर्षात ३२ आठवडे काम झाले व दर आठवड्याची मिळकत १०० पौंड होती. एकूण ३२०० पौंड, त्याचे १२.०७ टक्के ३८६.२४ पौंड. बाईंच्या रीतीने ५.६ × १०० = ५६० पौंड. फरक जवळजवळ १७४ पौंडांचा.

संस्थेचा युक्तिवाद असा की, असे केल्यास वर्षभर काम करणाऱ्यापेक्षा थोडे आठवडे काम करणाऱ्यास प्रमाणाने अधिक मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०२२ रोजी बाईंच्या बाजूने निर्णय दिला. बारमाही नेमणूक असलेल्याची रजा कामाच्या आठवड्यांच्या प्रमाणात कमी करावी, असे कायद्यात लिहिलेले नव्हते. आणि अशा कामगारास थोडे अधिक मिळाल्याने कायद्याचा अर्थ बदलत नाही, असे न्यायालयाने मानले.

पुढे २०२३ साली सरकारने नियमच बदलले. १ एप्रिल २०२४ रोजी किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या रजावर्षांपासून, अनियमित तासांच्या व वर्षाचा काही भागच काम करणाऱ्या कामगारांची कायदेशीर रजा केलेल्या तासांच्या १२.०७ टक्के धरली जाते. अर्ध्या तासापेक्षा कमी अपूर्णांक सोडतात. अर्धा किंवा अधिक असल्यास पूर्ण तास धरतात. एका महिन्यात ८० तास काम झाले, तर ९.६५६ म्हणजे १० तास.

गणित दोन्ही वेळी खरेच होते. बदलला तो प्रमाणाचा पाया. कोणता पाया न्याय्य, ह्यावर वर्गात दोन पक्ष करून चर्चा घडवावी. दोन्ही पक्षांनी आपले म्हणणे आकड्यांनी मांडावे, असा आग्रह धरावा.

सरावासाठी उदाहरणे

१. आठवड्यात ४ दिवस काम करणाऱ्याची वर्षाची रजा काढा. (२२.४ दिवस)
२. आठवड्याचे १५ तास ठरलेले आहेत, पण दिवस लहानमोठे आहेत. रजा किती तास? (८४ तास)
३. आठवड्यात २ दिवस काम करणाऱ्याने ३ महिन्यांनी नोकरी सोडली. १ दिवस रजा घेतली होती. उरलेली रजा काढा. (१.८ दिवस)
४. तास अनियमित, महिन्यात ५० तास काम झाले. रजा किती? (६.०३५, म्हणजे ६ तास)
५. २०२५ साली गुरुवार-शुक्रवार काम करणाऱ्यास व सोमवार-मंगळवार काम करणाऱ्यास ८ दिवस रजा आणि कामाच्या दिवशी आलेल्या सार्वजनिक सुट्ट्या दिल्या. ११.२ दिवसांच्या हक्काशी तुलना करा. (पहिल्यास ११, म्हणजे ०.२ दिवस कमी. दुसऱ्यास १२, म्हणजे ०.८ दिवस अधिक)

प्रत्येक उदाहरणात उत्तर काढण्यापूर्वी विद्यार्थ्याने एक ओळ लिहावी : ‘हे प्रमाण कशाचे कशाशी?’ ती ओळ बरोबर असेल, तर गुणाकारातील चूक सुधारता येते. ती ओळ चुकीची असेल, तर बरोबर आलेल्या गुणाकारासही गुण देऊ नयेत.