रक्तदाब वाढला की शरीराचे पहारेकरी काय करतात?

रक्त वाहताना रक्तवाहिनीच्या भिंतीवर जो दाब पडतो, त्याला रक्तदाब म्हणतात. मोठ्या माणसाचा रक्तदाब साधारण १२०/८० असतो. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही तो १४०/९० किंवा त्याहून जास्त आला, तर तो उच्च रक्तदाब.

हा केवळ नळातल्या पाण्याच्या जोरासारखा प्रकार आहे, असे आपल्याला वाटते. पण यात आपली रोगप्रतिकारशक्तीही ओढली जाते. रक्तवाहिनीच्या आत पातळ अस्तर असते. ते निरोगी असेल तर पांढऱ्या पेशी त्यावरून सहज पुढे जातात. दाब सतत जास्त राहिला की अस्तराला इजा होते आणि ते चिकट बनते. मग पांढऱ्या पेशी तिथे अडकतात व भिंतीत शिरतात.

या पेशी म्हणजे आपले पहारेकरी. जंतूंशी लढणे हे त्यांचे काम. इथे जंतू नसतात, तरीही त्या दाह निर्माण करणारी रसायने सोडतात. जखमेभोवती लाली आणि सूज येते, ती अशाच रसायनांमुळे. जखम भरली की तो दाह थांबतो. इथे मात्र तो वर्षानुवर्षे धुमसत राहतो. भिंत जाड आणि ताठ होते. मूत्रपिंडातही दाह झाला, तर मीठ व पाणी नीट बाहेर पडत नाही आणि दाब आणखी वाढतो. असे हे दुष्टचक्र आहे.

याचा पुरावा २००७ साली अमेरिकेतील एमरी विद्यापीठाच्या प्रयोगातून मिळाला. टी आणि बी या दोन्ही प्रकारच्या पांढऱ्या पेशी नसलेल्या उंदरांना रक्तदाब वाढवणारे अँजिओटेन्सिन-२ हे संप्रेरक दिले. त्यांचा दाब इतर उंदरांइतका चढला नाही. त्यांना टी पेशी दिल्यावर मात्र तो चढला. बी पेशी देऊन तसे झाले नाही.

मग पहारेकऱ्यांनाच थांबवावे का? नाही, कारण मग खऱ्या जंतूंशी कोण लढणार? म्हणून दाबच आटोक्यात ठेवायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. लोणचे, पापड, चिप्स यांतले मीठही त्यातच मोजायचे. रोजचा व्यायाम करावा, तंबाखूपासून दूर राहावे आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी मनाने बंद करू नये.

उच्च रक्तदाबात बहुधा काहीच दुखत नाही. म्हणून मित्रांनो, सुट्टीत घरी गेलात की आई-बाबांना आणि आजी-आजोबांना एकच विचारा, "रक्तदाब शेवटचा कधी मोजला?"