वाळवंटातील विश्रामनगरी

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅलिफोर्निया नावाचे विस्तीर्ण राज्य आहे. तेथील लॉस एंजेलिस या महानगरातून पूर्वेकडे निघालेला प्रवासी दीडशे किलोमीटरांहून अधिक अंतर तोडल्यावर दोन उत्तुंग पर्वतांमधील एका खिंडीत येऊन पोहोचतो. या खिंडीत वारा अखंड घोंघावत असतो. त्याच्या बळावर चालणाऱ्या पवनचक्क्यांच्या रांगाच रांगा येथे दिसतात. खिंड मागे पडली, की देखावा एकदम पालटतो. हिरवळ नाहीशी होते. करड्या वाळूचे माळ, काटेरी झुडपे आणि उघडेबोडके डोंगर यांचे राज्य सुरू होते. अशा या रुक्ष प्रदेशात, पर्वताच्या अगदी पायथ्याशी, उंच ताडवृक्षांच्या ओळींमध्ये वसलेले एक टुमदार नगर दृष्टीस पडते. त्याचे नाव पाम स्प्रिंग्ज.

या नगराची वस्ती सुमारे ४५ हजार. परंतु हिवाळ्यात येथे दूरदूरचे लोक विश्रांतीसाठी आणि भटकंतीसाठी येतात. त्या दिवसांत आकाश निरभ्र असते, दिवसा ऊन कोवळे असते आणि रात्री सुखद गारवा असतो. उन्हाळ्यात मात्र हेच नगर भट्टीप्रमाणे तापते. ५ जुलै २०२४ या दिवशी येथील तापमान ५१.१ अंश सेल्सियसपर्यंत चढले होते! म्हणून जाणते प्रवासी येथे येण्यासाठी हिवाळ्याचीच निवड करतात.

येथे वाळवंट का निर्माण झाले, याचे उत्तर नगराच्या पश्चिमेस उभ्या असलेल्या सॅन हसिंटो या पर्वतात आहे. त्याची उंची ३,३०२ मीटर आहे. नगर मात्र समुद्रसपाटीपासून केवळ १४६ मीटरांवर आहे. प्रशांत महासागरावरून येणारे वारे हा पर्वत चढताना आपल्याजवळचे बाष्प पावसाच्या व हिमाच्या रूपाने तेथेच सोडून देतात. पलीकडे उतरतात ते कोरडे वारे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस कोसळतो आणि पूर्वेकडील माण-खटावचा मुलूख पावसाची वाट पाहत राहतो, त्यातलाच हा प्रकार. यालाच पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. पाम स्प्रिंग्जला वर्षाकाठी सरासरी सुमारे १२ सेंटीमीटर पाऊस पडतो. तथापि ज्या पर्वताने या भूमीचा पाऊस अडविला, त्यानेच तिला पाणीही दिले आहे. शिखरांवरील हिम वितळते. ते पाणी घळीघळीतून खाली उतरते, वाळूत मुरते आणि भूगर्भात साठून राहते.

हे रहस्य प्रथम जाणले ते काविया लोकांनी. हे या भूमीचे मूळ रहिवासी. गोरे लोक येण्यापूर्वी शेकडो वर्षांपासून ते येथे राहत आहेत. ऋतूप्रमाणे ते आपला मुक्काम बदलत असत. हिवाळ्यात ते खाली खोऱ्यात राहत आणि ऊन असह्य होऊ लागले, की वरच्या थंड घळींचा आश्रय घेत. नगराच्या मध्यभागी जमिनीतून गरम पाण्याचा एक झरा उसळतो. काविया लोक त्याला पवित्र मानत. स्पॅनिश लोकांनी या झऱ्यावरून त्या स्थानाला आग्वा कालिएन्ते, म्हणजे ‘उष्ण पाणी’, असे नाव दिले. ताडाच्या वर्गातील वृक्षांना इंग्रजीत पाम म्हणतात व झऱ्यांना स्प्रिंग्ज म्हणतात. यावरून आजचे पाम स्प्रिंग्ज हे नाव पडले. येथील काविया जमात आजही आग्वा कालिएन्ते याच नावाने ओळखली जाते.

नगराच्या दक्षिणेस काही मैलांवर या जमातीच्या मालकीच्या घळी आहेत. सर्वांत मोठी आहे ती पाम घळ. तिची लांबी सुमारे २४ किलोमीटर आहे. सकाळची वेळ ही येथे जाण्यास उत्तम. उघड्या खडकांमधून वाट खाली उतरू लागते आणि पाहता पाहता प्रवासी ताडांच्या गर्द वनात शिरतो. शेजारून झुळझुळ वाहणारा ओढा, माथ्यावर पंख्यासारखी पसरलेली पाने आणि त्यांतून झिरपणारे कोवळे ऊन, असे ते दृश्य असते. या वृक्षांची वाळलेली पाने गळून पडत नाहीत. ती बुंध्याभोवती झग्याप्रमाणे लोंबत राहतात आणि त्यांच्या आडोशाला पक्षी व लहान प्राणी घर करतात. काविया लोक या पानांनी आपल्या झोपड्या शाकारीत, त्यांपासून पायताणे विणीत आणि वृक्षाची लहान गोड फळे खात. वाळवंटात जेथे असे ताड दिसतील, तेथे पाणी जमिनीलगत आहे, असे खुशाल समजावे.

मात्र वाळवंटाचे काही कडक नियम आहेत. भरपूर पाणी जवळ असल्यावाचून पाऊल टाकू नये. ऊन चढण्यापूर्वी परत फिरावे. दगडाच्या फटीत हात घालू नये, कारण तेथे विषारी साप वा विंचू असण्याचा संभव असतो. कोरडा नालाही सुरक्षित समजू नये. दूर डोंगरावर पाऊस कोसळला, तर येथे निरभ्र आकाशाखाली अकस्मात लोंढा येतो. या कड्यांवर मोठ्या वळणदार शिंगांच्या रानमेंढ्या राहतात. त्यांची संख्या फार घटल्याने १९९८ मध्ये त्यांना कायद्याने संरक्षण देण्यात आले. त्या दिसल्या, तर दुरूनच पाहाव्यात.

या खोऱ्यात बाहेरून येऊन कायमची वस्ती करणारा पहिला गोरा गृहस्थ म्हणजे जॉन मॅकॅलम. तो सॅन फ्रान्सिस्को येथील वकील. आजारी मुलाला कोरड्या हवेने गुण येईल, या आशेने तो १८८४ मध्ये येथे आला. त्याने सुमारे ३० किलोमीटर लांबीचा दगडी पाट बांधून नदीचे पाणी आणले आणि फळबागा फुलविल्या. परंतु १८९३ मध्ये महापूर आला; त्यात पाटाचा विध्वंस झाला. त्यापाठोपाठ अकरा वर्षांचा दुष्काळ पडला. बागा सुकल्या आणि मॅकॅलमचे स्वप्न धुळीस मिळाले. पुढे १९०९ मध्ये नेली कॉफमन नावाच्या कर्तबगार स्त्रीने येथे एक विश्रामगृह सुरू केले. शेतीला जी हवा मारक ठरली, तीच विश्रांतीसाठी येणाऱ्यांना तारक ठरली. हॉलिवूडचे नट-नट्याही येथे येऊ लागल्या. १९३८ मध्ये या गावाला नगराचा दर्जा मिळाला.

पाम स्प्रिंग्जला येणारा प्रवासी तेथील रज्जुमार्गाने प्रवास केल्याखेरीज सहसा परतत नाही. या मार्गाची कथा मोठी उद्बोधक आहे. १९३५ सालच्या एका तप्त दिवशी फ्रान्सिस क्रॉकर नावाचा तरुण विद्युत-अभियंता या भागातून प्रवास करीत होता. घामाने अंग निथळत होते आणि समोर सॅन हसिंटोचे शिखर हिमाने झळकत होते. त्या गारव्यात चटकन जाता आले तर! या एका इच्छेतून तारांवरून डोंगर चढणाऱ्या पाळण्याची कल्पना त्याला सुचली. लोकांनी तिला ‘क्रॉकरचा खुळेपणा’ म्हणून हसण्यावारी नेले. पुढे दुसरे महायुद्ध आले, कोरियाचे युद्ध आले. पैसा उभा राहीना. क्रॉकरने मात्र जिद्द सोडली नाही. अखेरीस १९६० नंतर काम सुरू झाले. तारांना आधार देण्यासाठी पाच मनोरे उभारायचे होते. त्यांपैकी केवळ पहिल्याच मनोऱ्यापर्यंत रस्ता पोहोचू शकत होता. उरलेल्या चारांसाठी माणसे आणि सामान हेलिकॉप्टरने वाहून न्यावे लागले. त्यासाठी सुमारे २३,००० फेऱ्या झाल्या. सप्टेंबर १९६३ मध्ये, म्हणजे कल्पना सुचल्यापासून २८ वर्षांनी, हा रज्जुमार्ग लोकांसाठी खुला झाला.

खालचे स्थानक ८०६ मीटर उंचीवर आहे आणि वरचे २,५९६ मीटरांवर. २००० सालापासून येथे फिरत्या तळाचे गोल पाळणे आहेत. त्यामुळे जागचे न हलता प्रत्येकाला चहूंकडचा देखावा पाहता येतो. पाळणा कड्यांलगत वर सरकू लागतो. निवडुंग मागे पडतात, झुडपे दाट होत जातात आणि दहा-बारा मिनिटांत चक्क सूचिपर्णी वृक्षांचे अरण्य समोर येते! वर गेल्यावर हवा विरळ होते आणि तापमान उतरते. म्हणून येथे नगरापेक्षा पंधरा-वीस अंशांनी थंड असते. हिवाळ्यात खाली लोक सुती कपड्यांत हिंडत असताना वर मुले बर्फाचे गोळे करून खेळतात. काविया लोक उन्हाळ्यात थंडाव्यासाठी डोंगराची वाट धरीत; तीच वाट क्रॉकरने तारांवरून आखली, असे म्हणता येईल.

नगरापासून मोटारीने सुमारे तासाभराच्या अंतरावर जोशुआ ट्री हे राष्ट्रीय उद्यान आहे. गोलाकार प्रचंड शिळांच्या राशी आणि त्यांमधून हात उभारल्यासारखी उभी असलेली जोशुआची झाडे, ही त्याची शोभा. या झाडाचे आणि एका लहानशा पतंगाचे मोठे विलक्षण सख्य आहे. पतंगाची मादी एका फुलातील पराग गोळा करून दुसऱ्या फुलात नेऊन भरते आणि तेथेच अंडी घालते. अंड्यांतून निघालेल्या अळ्या काही बिया खातात. उरलेल्या बियांतून नवी झाडे उगवतात. पतंगावाचून झाडाला बीज नाही आणि झाडावाचून पतंगाला संतती नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोक आपल्या बागा सजविण्यासाठी येथील झाडे सर्रास उपटून नेऊ लागले. हे पाहून मिनर्व्हा हॉइट या बागप्रेमी स्त्रीचे मन विदीर्ण झाले. तिने शहरोशहरी प्रदर्शने भरविली, अधिकाऱ्यांना साकडे घातले आणि वाळवंट ही ओसाड जागा नसून जिवंत सृष्टी आहे, हे लोकांना पटवून दिले. तिच्या प्रयत्नांना यश येऊन १९३६ मध्ये हा प्रदेश संरक्षित झाला. १९९४ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

या रम्य नगरीच्या इतिहासात एक काळे पानही आहे. १८७० नंतरच्या दशकात सरकारने येथील भूमीचे एकेक चौरस मैलाचे चौकोन पाडले. सोंगट्यांच्या पटावरील घरांप्रमाणे एक घर रेल्वे कंपनीला, तर शेजारचे घर काविया लोकांना, अशी वाटणी झाली. नगराच्या मध्यभागीचा, गरम झऱ्याचा चौकोन काविया लोकांकडे राहिला. विश्रामगृहांतून आणि घराघरांतून राबणाऱ्या कष्टकऱ्यांना, विशेषतः कृष्णवर्णीय व मेक्सिकन कुटुंबांना, नगरात अन्यत्र राहावयास घर मिळत नसे. म्हणून ते या चौकोनात घरे बांधून राहिले होते. पुढे ही जागा मोलाची ठरली. १९५० आणि १९६० नंतरच्या दशकांत त्यांची घरे पाडून जाळण्यात आली. ज्यांच्या श्रमावर नगरीचे वैभव उभे होते, तेच निराधार झाले. या अन्यायाबद्दल नगरपरिषदेने २०२१ मध्ये जाहीर क्षमा मागितली आणि २०२४ मध्ये त्या कुटुंबांना भरपाई देण्याचे मान्य केले. झालेले दुःख त्याने पुसले जात नाही; परंतु चूक झाकून न ठेवता ती मान्य करणे, हेही नगराच्या मोठेपणाचेच लक्षण होय.

दुसरा प्रश्न पाण्याचा. या खोऱ्यात आज शंभराहून अधिक गोल्फ मैदाने आहेत. वाळवंटात इतकी हिरवळ जगवायची, तर पाणी उपसावेच लागते. उपसा वाढला आणि भूजलाची पातळी खालावली. तेव्हा १९७३ पासून दूरच्या कोलोरॅडो नदीचे पाणी आणून ते येथील वाळूत मुरविण्यात येऊ लागले. काविया जमातीने २०१३ मध्ये न्यायालयात दाद मागितली. २०१७ मध्ये या भूजलावर तिचा हक्क असल्याचा निर्णय वरिष्ठ न्यायालयाने दिला. ज्यांनी झऱ्याला पवित्र मानले, त्यांचा शब्द आज पाण्याच्या वाटपात विचारात घ्यावा लागतो.

दिवस मावळतो. सूर्य सॅन हसिंटोच्या आड जातो आणि पर्वताची छाया प्रथम नगरावर व मग साऱ्या खोऱ्यावर पसरते. पूर्वेकडील डोंगर मात्र काही काळ गुलाबी, मग जांभळे दिसत राहतात. थोड्याच वेळात कोरड्या, स्वच्छ आकाशात असंख्य तारे उगवतात. दिवसभर बिळात दडलेले लहान प्राणी अन्नाच्या शोधात बाहेर पडतात. त्यांतील कांगारू-उंदीर हा तर पाण्याचा थेंबही न पिता, कोरड्या बियांवर आपली गुजराण करतो. वाळवंटात थोडक्यात जगण्याची ही विद्या त्याच्याइतकी कोणालाच साधलेली नाही. उपशाची चिंता वाहणाऱ्या माणसालाही ती अद्याप शिकावयाची आहे.

स्वाध्याय

१. पाम स्प्रिंग्जच्या परिसरात वाळवंट निर्माण होण्याचे कारण सांगा.
२. काविया लोकांना ताडवृक्षांचा कोणकोणता उपयोग होत असे?
३. ‘शेतीला जी हवा मारक ठरली, तीच विश्रांतीसाठी येणाऱ्यांना तारक ठरली.’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
४. रज्जुमार्ग उभारताना कोणत्या अडचणी आल्या व त्या कशा दूर झाल्या?
५. ‘धुळीस मिळणे’, ‘साकडे घालणे’, ‘दाद मागणे’ या वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
६. तुमच्या गावात पाणी कोठून येते, ते कोणाकोणाला व किती मिळते, याची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.